‘गॅस बंद केला का?’



आमच्या घरातून सगळ्यांनी एकत्र बाहेर पडायचं म्हणजे एक ठरलेला कार्यक्रम असतो. सगळे चपला घालून जिन्यात उभे, बाबांच्या हातात कुलूप आणि आई पुन्हा आत गेलेली. गॅसचं बटण बघायला. रिक्षात बसल्यावर ती आणखी एकदा विचारणारच, "गॅस बंद केला होता ना रे?" मी आणि माझी धाकटी बहीण लहानपणापासून यावर हसत आलो आहोत. गेल्या डिसेंबरपासून मात्र आम्ही हसायचं सोडून दिलंय.

बहीण सुरतेतच रसायनशास्त्रात पीएचडी करते. मी सॉफ्टवेअरवाला, नुसता बीई. माझा आणि रसायनशास्त्राचा संबंध बारावीतच सुटला. पण त्या डिसेंबरातल्या एका रात्रीने आम्हा दोघांना जे शिकवलं, ते आपल्या मंडळाच्या वाचकांना सांगावंसं वाटतं. कारण आपल्या कितीतरी घरांतली मुलं आज कुठल्या ना कुठल्या लॅबमध्ये काम करतात. कुणी कॉलेजात एमएस्सीचा प्रोजेक्ट करतं, कुणी पांडेसरा-सचिनच्या डाईंग हाऊसच्या लॅबमध्ये शेड मॅच करतं, कुणी अंकलेश्वर-वापीच्या केमिकल कंपनीत आहे. "आमचा मुलगा लॅबमध्ये असतो" हे आपण अभिमानाने सांगतो. तिथे रात्री काय तापत ठेवलेलं असतं, हे मात्र कधी विचारत नाही.

पहाटे साडेतीनचा फोन

संस्थेचं नाव सांगत नाही. त्याने काही फरकही पडत नाही, कारण जे तिथे झालं ते कुठेही होऊ शकतं.

बहिणीची एक रिअ‍ॅक्शन होती. सोळा तास, १२० अंशांवर. अशा वेळी काचेचा फ्लास्क थेट शेगडीवर ठेवत नाहीत. एका भांड्यात तेल घेतात, ते भांडं विजेच्या हॉट प्लेटवर ठेवतात आणि तेलात फ्लास्क बुडवतात. याला ऑइल बाथ म्हणतात. आई चॉकलेट वितळवताना भांड्यात भांडं ठेवते ना, तोच प्रकार. फक्त पाण्याऐवजी तेल, कारण पाणी शंभरच्या वर जात नाही. तेलात एक सळईसारखा सेन्सर सोडलेला असतो. तो हॉट प्लेटला सांगत राहतो, "आता ११५ झालं, आता ११८, आता १२०, बास."

संध्याकाळी सात वाजता तिने सगळं लावलं. तापमान १२० वर स्थिर झालं. तासभर थांबून पाहिलं आणि दारावर एक चिठ्ठी चिकटवली: ‘रात्रभर रिअ‍ॅक्शन चालू आहे’, खाली स्वतःचं नाव आणि मोबाईल नंबर. मग घरी आली, वरणबट्टी खाल्ली आणि झोपली.

पहाटे साडेतीनला फोन वाजला. वॉचमनचा.

"बेन, तमारी लॅबमांथी धुमाडो नीकळे छे."

आम्ही दोघं बाइकवरून पोहोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. वॉचमन खरोखर हुशार निघाला. दार उघडायच्या आधी त्याने कॉरिडॉरमधला लॅबचा मेन स्विच पाडला. मग दार उघडून सीओटूचा सिलिंडर मारला. तेलाचं भांडं काळं पडलं होतं. शेजारी ठेवलेली अ‍ॅसिटोनची प्लॅस्टिकची बाटली वितळून बसली होती. नशीब, ती जवळजवळ रिकामी होती. टेबलावर तिची वही होती, अडीच वर्षांच्या नोंदींची. तिच्या कडा जळल्या होत्या आणि पानं एकमेकांना चिकटली होती. कुणालाही इजा झाली नव्हती.

बहीण काही बोलली नाही. वही उचलून छातीशी धरून ती तिथेच स्टूलवर बसून राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "दादा, त्या रॅकवर बघ." दोन हातांवर, डोक्याच्या उंचीच्या रॅकवर टोल्यूइन आणि हेक्झेनच्या अडीच अडीच लिटरच्या काचेच्या बाटल्या होत्या. मोजल्या तर नऊ होत्या.

यंत्र चुकलं नव्हतं

दुसऱ्या दिवशी तिच्या गाईड मॅडमच्या परवानगीने मी लॅबमध्ये गेलो. इंजिनीअर असलो की एक सवय लागते. काही बिघडलं की आधी ‘कुणी केलं?’ असं विचारायचं नाही, ‘कसं झालं?’ असं विचारायचं. मॅडमनीही बहिणीला एक शब्द न बोलता हाच प्रश्न विचारला. याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

उत्तर दहा मिनिटांत सापडलं. सेन्सर धरून ठेवणारी क्लिप कधीतरी तुटली होती. कुणीतरी तो सेन्सर दोऱ्याने स्टँडला बांधला होता. गरम तेलाच्या वाफेने आणि ढवळण्याच्या कंपनाने दोरा सैल झाला. सेन्सर हळूहळू वर सरकत तेलाच्या बाहेर आला आणि हवेत लोंबू लागला.

आता हॉट प्लेटच्या जागी स्वतःला ठेवून बघा. तुम्हाला सांगितलंय, तेल १२० अंशांवर ठेव. सेन्सर सांगतोय, तापमान ४० आहे. तुम्ही काय कराल? आणखी तापवाल. तरी सेन्सर ४०च म्हणतोय. आणखी तापवाल. अगदी पूर्ण जोर लावाल. बहिणीच्या हॉट प्लेटने तेच केलं. ती बिघडली नव्हती. तिला जे सांगितलं होतं, ते ती मन लावून करत होती. फक्त तिला मिळणारी माहिती खोटी होती.

ऑइल बाथमध्ये लिक्विड पॅराफिन होतं. ते स्वस्त असतं म्हणून बऱ्याच ठिकाणी वापरतात. साधारण दीडशे अंशांच्या वर ते धूर सोडू लागतं आणि दोनशेच्या आसपास त्याची वाफ पेट घ्यायच्या अवस्थेला येते. हॉट प्लेटचा पृष्ठभाग मात्र साडेतीनशे अंश किंवा त्याच्याही वर जाऊ शकतो. सिलिकॉन तेल जास्त तापमान सोसतं, पण तेही अमर्याद नाही.

मी रोज जे काम करतो त्यात आम्ही एक गोष्ट घोकतो: प्रोग्रॅमला चुकीची माहिती दिली तर तो चुकीचंच उत्तर देणार, आणि तेही पूर्ण आत्मविश्वासाने. पण स्क्रीनवरचं चुकीचं उत्तर आणि टेबलावरची आग यांत किती अंतर असतं, ते मला त्या दिवशी समजलं.

माझं अ‍ॅप आणि काकांचा कुकर

मग माझ्यातला सॉफ्टवेअरवाला जागा झाला. मॅडमना म्हटलं, मी तुम्हाला एक यंत्रणा करून देतो. एक छोटा बोर्ड, दुसरा सेन्सर, वाय-फाय. तापमान वाढलं की बहिणीच्या, मॅडमच्या आणि वॉचमनच्या मोबाईलवर मेसेज. दोन रविवारांत मी ते करूनही दाखवलं. मस्त ग्राफ यायचा. मी खूश.

त्या विभागात एक तंत्रज्ञ काका आहेत. निवृत्तीला आलेले, मूळचे नंदुरबारचे. त्यांनी माझा ग्राफ शांतपणे पाहिला आणि विचारलं, "मेसेज आला. मग?"

"मग कुणीतरी जाऊन बंद करायचं."

"कोण? तुझी बहीण उधन्याला झोपलीये. मॅडम मुंबईला कॉन्फरन्सला. वॉचमनचा मोबाईल चार्जिंगला. वाय-फाय तर इथं दुपारी चालत नाही, रात्रीचं काय सांगू? तुझं यंत्र आग लागल्याची बातमी देईल रे बाळा. लाईट कोण तोडणार?"

मी म्हटलं, बोर्डालाच रिले जोडू, तोच हॉट प्लेट बंद करेल. काकांनी मान हलवली. "आणि तुझा बोर्ड हँग झाला तर? रिलेचे पॉइंट चिकटले तर?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण हे खरं आहे. वीज चालू-बंद करणारे रिले आणि सेमीकंडक्टर स्विच खराब होतात तेव्हा पुष्कळदा ‘बंद’ अवस्थेत जात नाहीत, ‘चालू’ अवस्थेतच अडकतात. अमेरिकेतल्या विद्यापीठांनी तर जुन्या पद्धतीच्या काही हॉट प्लेट बटण बंद असतानाही आपोआप तापल्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या आहेत. पुढचं बटण फक्त आतल्या सर्किटला ‘थांब’ म्हणतं, वीज प्रत्यक्ष तोडत नाही. आतला स्विच खराब झालेला असेल तर त्या ‘थांब’ला काही अर्थ उरत नाही. म्हणूनच काम संपल्यावर बटणावर न थांबता प्लग काढायचा.

मग काकांनी मला जे समजावलं ते कुठल्याही इंजिनीअरिंगच्या पुस्तकापेक्षा चांगलं होतं. म्हणाले, "घरी कुकर आहे ना? शिट्टी कशाला असते?"

"जास्तीची वाफ सोडायला."

"आणि डाळीचं फोलपट जाऊन शिट्टी बंद पडली तर?"

"सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो."

"तो शिट्टीला विचारून उडतो का?"

बस. सगळा विषय या एका प्रश्नात आहे. सेफ्टी व्हॉल्व्ह शिट्टीला विचारत नाही. त्याचा शिट्टीशी काही संबंधच नाही. शिट्टी चांगली असो, खराब असो, उष्णता एका मर्यादेपलीकडे गेली की तो आपला आपण वितळतो आणि वाफ मोकळी होते. नंतर मी घरी जाऊन गीझरचं माहितीपत्रक वाचलं. तिथेही तेच. पाणी किती तापवायचं ते ठरवणारा थर्मोस्टॅट एक, आणि तो निकामी झाला तर वीज तोडणारा थर्मल कटआउट वेगळा. शिवाय दाब सोडणारा व्हॉल्व्ह तिसरा. म्हणजे आपल्या बाथरूममधल्या गीझरला जे संरक्षण आहे, ते माझ्या बहिणीच्या हॉट प्लेटला नव्हतं!

काकांनी एक लोखंडी डबा तयार केला. त्यात साधा यांत्रिक थर्मोस्टॅट. ना बोर्ड, ना प्रोग्रॅम, ना वाय-फाय. त्याची सेन्सरची तांब्याची नळी तेलात वेगळ्या क्लॅम्पने घट्ट बसवलेली. पहिल्या सेन्सरच्या क्लॅम्पला ती मुद्दाम बांधली नाही, कारण एकाच ठिकाणी बांधलेले दोन्ही सेन्सर निसटतील तेव्हा एकत्रच निसटतील. तेल १५० अंशांवर गेलं की हॉट प्लेटचा वीजपुरवठाच तुटणार. आणि तेल थंड झाल्यावर तो आपोआप चालू होणार नाही. माणसाने येऊन, काय झालं ते पाहून, हाताने बटण दाबलं तरच चालू होणार. नाहीतर रात्रभर तापणं-थांबणं-तापणं असा खेळ चालला असता आणि सकाळी कुणाला कळलंही नसतं.

चाचणी दिवसा घेतली. टेबल रिकामं केलं, भांडं फ्यूम हूडमध्ये ठेवलं, काका सीओटू घेऊन उभे राहिले. बहिणीने स्वतःच्या हाताने हॉट प्लेटचा सेन्सर बाहेर काढला. आम्ही तापमानाच्या काट्याकडे बघत उभे. १३०. १४०. १४५. मग ‘खट्’. दिवा गेला.

माझं अ‍ॅप अजून आहे. ते ग्राफ काढतं, मेसेज पाठवतं. पण आता त्याला त्याची जागा कळली आहे, आणि मलाही.

ज्योत नसली तरी

बऱ्याच जणांना वाटतं, आता लॅबमध्ये बुन्सेन बर्नर फारसे राहिले नाहीत, सगळं विजेवर आलंय, म्हणजे आगीची भीती संपली. हा गैरसमज आहे. आग लागायला ज्योत लागतेच असं नाही. पुरेसा तापलेला पृष्ठभागही चालतो.

यासाठी दोन तापमानं लक्षात ठेवावी लागतात. पहिलं म्हणजे द्रवाची वाफ ठिणगी मिळताच पेटेल ते तापमान. अल्कोहोलसाठी, म्हणजे इथेनॉलसाठी, ते सुमारे १३ अंश आहे. टोल्यूइनसाठी सुमारे ४ अंश. अ‍ॅसिटोनसाठी उणे २० च्या आसपास. सुरतेत दिवसा कधी तापमान १३ वर आलेलं आठवतंय का? म्हणजे आपल्याकडे ही द्रव्यं बारा महिने पेटायला तयारच असतात. दुसरं तापमान म्हणजे ठिणगीशिवाय, नुसत्या उष्णतेने वाफ पेटेल ते. डायइथिल ईथरसाठी ते १६० ते १८० अंशांच्या दरम्यान आहे. कार्बन डायसल्फाइडचं तर इतकं कमी, की उकळत्या पाण्याइतक्या गरम नळीनेही त्याची वाफ पेटू शकते. आणि हॉट प्लेट साडेतीनशेवर! शिवाय ही वाफ हवेपेक्षा जड असते. टेबलावरून खाली उतरून ती जमिनीलगत सरकत दूरवर जाऊ शकते आणि तिथे पेटून परत उगमापर्यंत येऊ शकते.

बहिणीने मला तिच्या लॅबमधले आणखी काही सापळे दाखवले. तुमच्या घरातल्या विद्यार्थ्याला ते लगेच ओळखू येतील.

काचेची भांडी धुऊन लवकर वाळावीत म्हणून अ‍ॅसिटोनने खळखळवतात आणि तशीच ओव्हनमध्ये टाकतात. ओव्हनचं दार बंद, आत अ‍ॅसिटोनची वाफ, आणि आतलाच थर्मोस्टॅट ठिणगी टाकणारा. साधा ओव्हन यासाठी बनवलेलाच नसतो. भांडी आधी बाहेर हवेवर पूर्ण वाळली पाहिजेत.

वॉटर बाथमधलं पाणी रात्रभरात आटतं. पाणी संपलं की कॉइल उघडी पडते, लाल होते आणि प्लॅस्टिकचं आवरण वितळू लागतं. पाणी कमी झाल्यावर वीज तोडणारा तरंगता स्विच असेल तर ठीक, नाहीतर रात्री वॉटर बाथ चालू ठेवायचाच नाही.

रिफ्लक्स लावला की उकळणारं द्रव वर कंडेन्सरमध्ये थंड होऊन परत खाली येतं. त्यासाठी कंडेन्सरमधून नळाचं पाणी फिरत असतं. रात्री इमारतीत कुणी पाणी वापरत नाही, त्यामुळे नळाचा दाब वाढतो आणि रबरी नळी निसटते. कधी टाकीच रिकामी होते. पाणी थांबलं की सगळी वाफ सरळ खोलीत. पाच-दहा रुपयांच्या दोन क्लॅम्पने नळी घट्ट बसते. पण ते क्लॅम्प लावण्याची आठवण नळी निसटल्यानंतरच होते.

आणि गरम तेलाच्या भांड्यात पाण्याचे थेंब. हे तर प्रत्येक गृहिणीला माहीत आहे. फोडणीत ओली कोथिंबीर पडली तर काय होतं? पाण्याची वाफ झाली की तिचं आकारमान सुमारे १७०० पट वाढतं. तेल उसळून बाहेर येतं आणि तापलेल्या प्लेटवर पडतं. म्हणूनच पेटलेल्या तेलावर पाणी कधीही टाकायचं नाही, लॅबमध्येही नाही आणि स्वयंपाकघरातही नाही. आधी वीज किंवा गॅस बंद, मग वरून घट्ट झाकण.

आपलं सुरती कापड

हा भाग खास सुरतकरांसाठी. आपलं शहर पॉलिस्टरवर उभं आहे. माझे बाबा अमळनेरहून इथे आले ते लूमच्या कामालाच. आपल्या घरात शर्टापासून पडद्यापर्यंत बहुतेक सगळं सिंथेटिक. दिसायला छान, इस्त्रीची कटकट नाही, स्वस्त. पण लॅबमध्ये हे कापड अंगावर असणं धोक्याचं. सुती कापड जळतं, त्याची राख होते, ते ओढून काढता येतं. पॉलिस्टर अडीचशे अंशांच्या थोडं वर वितळतं आणि कातडीला चिकटतं.

२९ डिसेंबर २००८ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात, यूसीएलएमध्ये, २३ वर्षांची एक संशोधन सहायक हवेच्या संपर्काने पेटणारं रसायन सिरिंजने काढत होती. सिरिंजचा दट्ट्या बाहेर आला आणि रसायन पेटलं. तिच्या अंगात लॅब कोट नव्हता, सिंथेटिक स्वेटर होता. अठरा दिवसांनी ती गेली. त्या प्रकरणात तिच्या प्राध्यापकांवर आणि विद्यापीठावर फौजदारी गुन्ह्याचे आरोप ठेवले गेले आणि जगभरच्या प्रयोगशाळांना सुरक्षेचा विचार नव्याने करावा लागला. त्यानंतर बरोबर एका वर्षाने, २९ डिसेंबर २००९ रोजी, आपल्या मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात एका रासायनिक प्रयोगशाळेला आग लागली आणि दोन तरुण संशोधक त्यात दगावले. या दोन्ही घटना हॉट प्लेटच्या नाहीत. पण इतक्या मोठ्या संस्थांमध्ये, इतक्या हुशार मुलांच्या बाबतीत असं होऊ शकतं, तर ‘आमच्याकडे काही होत नाही’ असं आपण कशाच्या जोरावर म्हणतो?

बहिणीच्या ओढणीचा आता आमच्याकडे नियम झाला आहे. ओढणी घरी ठेवायची, सुती कुर्ता घालायचा, वर पूर्ण बाह्यांचा सुती कोट, केस बांधलेले, पायात बंद बूट. आई म्हणाली, "मी पण गॅससमोर कॉटनच घालत जाते आता." तिच्याकडे दोन कॉटनच्या साड्या होत्या, आता पाच आहेत!

तक्षशिलेनंतर

२४ मे २०१९ ही तारीख सुरतेतलं कुठलंच घर विसरणार नाही. सरथाण्याच्या तक्षशिला आर्केडमध्ये आग लागली आणि वरच्या मजल्यावरच्या क्लासमधली २२ मुलं-मुली गेली. जिना धुराने आणि आगीने बंद झाला आणि मुलांनी वरून उड्या मारल्या. ते व्हिडिओ आपण सगळ्यांनी मोबाईलवर पाहिले. बहीण तेव्हा कॉलेजात होती. आई दिवसभर तिला फोन करत होती.

त्यानंतर शहरात तपासण्या झाल्या, क्लासेस बंद ठेवले गेले, फायर एनओसी हा शब्द घराघरात पोहोचला. हे चांगलंच झालं. पण आपण इमारत बघायला शिकलो: जिना मोकळा आहे का, सिलिंडर टांगलेत का, दार बाहेरच्या बाजूला उघडतं का. त्या इमारतीच्या आत, टेबलावर, दिवसरात्र काय तापतंय याकडे कुणाचं लक्ष जात नाही. रसायन प्रयोगशाळांच्या सुरक्षेसाठी आपल्या देशात भारतीय मानक आयएस ४२०९ आहे. राष्ट्रीय इमारत संहितेत आगीसाठी स्वतंत्र भाग आहे. पण तुटलेल्या क्लिपच्या जागी बांधलेला दोरा कुठल्याही एनओसीत दिसत नाही. तो फक्त तिथे रोज काम करणाऱ्याला दिसतो. आणि रोज दिसतो म्हणून काही दिवसांनी त्यालाही दिसेनासा होतो.

मॅडमनी नंतर सगळ्या विद्यार्थ्यांना विचारलं, "हा दोरा कुणी बांधला?" कुणीच पुढे आलं नाही. मग त्यांनी प्रश्न बदलला. "हा दोरा कुणी पाहिला होता?" सात हात वर झाले. त्यांत माझ्या बहिणीचाही होता.

घरी विचारायचे प्रश्न

आपल्या घरातलं कुणी लॅबमध्ये काम करत असेल, तर खालचे प्रश्न त्याला-तिला जरूर विचारा. विज्ञान येत नसलं तरी चालेल.

१. रात्री काही तापत ठेवून घरी येतोस का? ते दिवसा करता येणार नाही का? बऱ्याचदा उत्तर ‘येईल’ असंच असतं.

२. तापमान ठरवणारा सेन्सर चुकला, तर वीज तोडणारं दुसरं काही आहे का? अनेक नव्या हॉट प्लेटवर कमाल तापमानाची वेगळी मर्यादा ठरवायची सोय असते. छोट्या स्क्रूड्रायव्हरने ती फिरवावी लागते. ती आपल्या कामाच्या तापमानाच्या थोडीच वर आहे, की कारखान्यातून आली तशी सर्वांत वर?

३. सेन्सर क्लॅम्पने बसवलाय की दोऱ्याने, चिकटपट्टीने?

४. तापणाऱ्या वस्तूच्या आसपास काय काय ठेवलंय? द्रावणाच्या बाटल्या, टिश्यू पेपर, पुठ्ठे, वह्या सगळं दूर हवं. वहीचा फोटो रोज काढून ठेवतोस का?

५. लाईट जाऊन परत आली तर यंत्र आपोआप चालू होतं का?

६. दारावर चिठ्ठी लावतोस का? काय चालू आहे, किती तापमानावर, कधी संपणार, फोन नंबर कोणता आणि बंद करायचं तर मेन स्विच कुठे? आमच्याकडे त्या चिठ्ठीनेच वाचवलं.

७. सिलिंडर कुठे आहे आणि तू तो कधी हातात घेऊन पाहिलायस का? वीज आणि द्रावणांच्या आगीसाठी सीओटू किंवा पावडर हवी, पाणी नाही. पाठीमागे बाहेर पडायची वाट ठेवूनच आग विझवायला उभं राहायचं. एका सिलिंडरने आवरली नाही तर बाहेर पडायचं, दार ओढून घ्यायचं आणि १०१ किंवा ११२ ला फोन करायचा. थिसिस पुन्हा लिहिता येतो.

८. काम संपल्यावर प्लग काढतोस का? बटण नाही, प्लग.

हे प्रश्न विचारताना रागावू नका. पहिल्यांदा मुलं ‘तुम्हाला काय कळतंय’ असंच म्हणतील. माझी बहीणही आईला तेच म्हणायची.

शेवटी

वहीची चिकटलेली पानं बहिणीने एकेक करून सोडवली. आमच्या जेवणाच्या टेबलावर आठ दिवस पंख्याखाली पानं वाळत होती आणि आम्ही जमिनीवर बसून जेवत होतो. बहुतेक नोंदी वाचता आल्या. तीन महिन्यांचं काम मात्र पुन्हा करावं लागलं. ते तिने केलं, दिवसा.

क्लिपसाठी तिने अर्ज दिला. क्लिप यायला पाच आठवडे लागले. तोवर तो हॉट प्लेट टेबलावर उलटा ठेवला होता आणि त्यावर कागद चिकटवला होता: ‘वापरू नये’. दोरा बांधायला एक मिनिटही लागलं नसतं.

आता रोज संध्याकाळी सातच्या सुमारास आमच्या घरच्या ग्रुपवर तिचा एक फोटो येतो. भिंतीतल्या सॉकेटचा, बाजूला काढून ठेवलेल्या प्लगचा. खाली लिहिलेलं असतं, ‘आई, गॅस बंद केला.’

आई लगेच उत्तर देते, ‘परत एकदा बघ.’